शिलाई मशीनच्या दिव्याखालची पावणी

माझा उजवा हात बऱ्याच लोकांच्या ओळखीचा आहे. तोंड मात्र त्यांतल्या कुणी पाहिलेलं नाही, आणि ते बरंच आहे म्हणा, कारण रविवारी दुपारी माझ्या तोंडावर जे काही असतं ते दाखवण्यासारखं नसतं. हिरव्या बांगड्या, अंगठ्याला सुईची टोचणी, करंगळीवर जुन्या कात्रीचा वण, एवढं मोबाईलच्या पडद्यावर दिसतं आणि चिमटीत एक नाणं असतं. मागून आवाज येतो तो माझ्या दादाचा. आमचा नाण्यांचा लाईव्ह लिलाव असा चालतो. कोल्हापूर, बेळगाव, फोंडा, पेडणे, कुठकुठले लोक बघत असतात. एकाने एकदा लिहिलं, "ताई, बांगड्या कितव्या लॉटला आहेत?" मी म्हटलं, "बाबा रे, त्या तुला बेस किमतीलाही परवडायच्या नाहीत." त्या दिवशी लोक नाण्यांपेक्षा जास्त वेळ त्यावरच हसत बसले.

मी गोव्यात डिचोलीत ब्लाऊज शिवते. लग्न होऊन इथे आले त्याला तीस वर्षं होऊन गेली. दादा शिरगावच्या खाणीवर वजनकाट्याच्या खोलीत कामाला होता, तोही पुढे डिचोलीतच राहिला, माझ्या घरापासून चार घरं सोडून. मूळचे आम्ही कोरगावचे. लहानपणी काजूच्या बागेत बिया वेचताना मातीत पोर्तुगीज आमदानीतला तांब्याचा दुडू सापडायचा आणि तो कुणाचा यावरून आमची झिंज्या धरण्यापर्यंत मजल जायची. नाण्यांचा नाद लागला तो तिथे. दादा सगळंच गोळा करायचा. मी मात्र एकाच मालिकेच्या मागे लागले, जुन्या पोर्तुगीज राजाचा चेहरा असलेल्या चांदीच्या चार नाण्यांच्या. रुपया, अर्धा, पाव, आणि सगळ्यांत धाकटं, रुपयाच्या आठव्या भागाचं.

पहिली तीन मिळाली. धाकटं मिळेना. म्हणजे अगदीच मिळेना असं नाही, तीनदा समोर आलं, पण तिन्ही वेळा बिघडवलेलं. एवढंसं चांदीचं नाणं बघितलं की आपल्याकडच्या बायकांना पहिलं काय सुचतं? सोनाराकडे नेऊन त्याला कडी डकवायची आणि पोराच्या करगोट्यात ओवायची! एकाला कडी, एकाला भोक, एकाच्या राजाचं नाकच घासून गेलेलं. मला बिनकडीचं, बिनभोकाचं, नाकासकट हवं होतं. बावीस वर्षं मी ते शोधत होते. नवरा म्हणायचा, "इतका तर लोक पोरीक स्थळ बघताना पण चोखंदळ नसतत." मी त्याला सांगितलं, स्थळ बघताना मी चोखंदळ नव्हतेच, म्हणून तर तू मिळालास.

पूर्वी महिन्यातून एका रविवारी फोंड्याला एका सभागृहात नाणेवाल्यांची बैठक भरायची. ट्रे मांडलेले, हातात भिंग, चहा, गप्पा, आणि नाण्यापेक्षा नाणं कुठे सापडलं याची थापेबाजी जास्त. दादाला तिथे मोठा मान होता. खोटं नाणं त्याच्याकडे नेलं की तो ते ओळखायचा आणि विकणाऱ्याच्या तोंडावर सांगायचा. मग कोविड आला आणि बैठका बंद पडल्या. पुन्हा सुरू झाल्या तेव्हा सभागृहात सहाच माणसं. बाकीचे सगळे मोबाईलवर! कुणीतरी घरात बसून नाणं दाखवायचं, बघणाऱ्यांनी खाली आकडे लिहायचे, आणि दोन मिनिटांत नाणं गेलं. दादा असा चिडला की विचारू नका. "हात न लावता नाणा घेतत? नारळ पण कोण हालवून बघल्याशिवाय घेणा नाय!" म्हणाला, आणि ट्रे कपाटात टाकून घरी बसला. वर्षभर बसला. माणूस दिसेनासा झाला की वाळत जातो, तसा तो वाळायला लागला, आणि मला ते बघवेना.

शेवटी मी त्याच्यासमोर विषय काढला. म्हटलं, दादा, तू आपल्या देवळात पावणी घालतोस ना, मग मोबाईलवर घालायला काय धाड भरलीय?

पावणी म्हणजे देवाला आलेल्या वस्तूंचा लिलाव. जत्रेनंतर, सप्त्यानंतर आमच्या गावच्या देवळात नारळ, केळीचे घड, फणस, सुरणाचे गड्डे, सगळं पावणीला निघतं. बोली पुकारायचं काम गेली वीस-पंचवीस वर्षं दादाकडे आहे. "एक वार! दोन वार!" असा त्याचा आवाज सुटला की घाटीपलीकडे ऐकू जातो. पावणीची रीत सगळ्या गावाला पाठ. पैसे देवाचे, म्हणून एकमेकांची बोली चढवण्यात मजा असते. मेहुण्याने भोपळ्याला पन्नास म्हटले की भावोजीने शंभर म्हणायचेच, भोपळा नको असला तरी. आणि उलट, एखादीने पुढे येऊन सांगितलं की हा नारळ मला नवसाच्या कामाला हवाय, तर सगळे गप्प बसतात. तो नारळ तिचा. असं कुठे लिहिलेलं नाही, पण आमच्याकडे कुणी ते मोडत नाही.

दादा आधी नाही म्हणाला, मग हो म्हणाला, मग तिसऱ्या दिवशी स्वतःच विचारत आला, "मोबाईल खय टेकवतलंस?" मी माझं शिलाई मशीन दाखवलं. मशीनच्या मानेला इलास्टिकने मोबाईल उलटा बांधला, खाली काळं वेलवेट पसरलं, आणि मशीनचा छोटा दिवा लावला. त्या दिव्याखाली नाण्याचं अक्षर न् अक्षर उठून दिसायला लागलं. दादा खाली वाकून बघत राहिला आणि म्हणाला, "बाय, ह्या तर भिंगापेक्षा बरा." तो वर्षभराने हसला, आणि मी त्याच्याकडे पाठ करून चहा टाकायला गेले.

पहिल्या लाईव्हला आमची स्वतःची नाणी नव्हती. शिरगावच्या एका काकीने आपल्या नवऱ्याचा संग्रह विकायला दिला होता. नवरा दादाबरोबर खाणीवर होता, दोन वर्षांपूर्वी गेला. मुलं बाहेरगावी, त्यांना नाण्यांत रस नाही. काकी एका डब्यात सगळं घेऊन आली आणि म्हणाली, "तुमी दोगांय बरोब्बर काय ता करा." आम्ही तो डबा वर्तमानपत्रावर ओतला, आणि त्या ढिगात, मुंबईच्या जुन्या पैशांच्या खाली, ते होतं.

माझं धाकटं. बिनकडीचं. बिनभोकाचं. नाकासकट!

मी किंचाळले असणार, कारण पाव विकणाऱ्या पोदेराची सायकल बाहेर थांबली आणि त्याने जनेलातून डोकावून विचारलं, "कितें गो, जिवाणू आसा काय घरात?" त्याला वाटलं, साप निघाला. दादाने नाणं उचललं, बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि सरळ सांगितलं, "काकीचा नाणा. लाईव्हवर जातला. तुका होया तर बोली घाल, सगळ्यांसारखी." मी म्हटलं, घालीन की! माझ्याकडे त्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे होते. नाणं विकत घ्यायला माझी ना कधीच नव्हती.

रविवारी चारला सुरुवात झाली. दादाने आधीच कोरगावात निरोप धाडला होता की आज माझी पहिली पावणी आहे, सगळ्यांनी या. झालं! त्याचा पुकारा सुरू झाला आणि गाव खुळावलं. काजूच्या बागेत रेंज येत नाही म्हणून एक चुलतभाऊ डोंगरीवर चढून बोली लावत होता. साध्या तांब्याच्या पैशाला मावशीचा जावई तीनशे म्हणाला, तर त्याच्या साडूने पाचशे केले. दादाला चेव आला. "देवाच्या नावान, अजून कोण? एक वार!" कुणाचा देव आणि कुणाचं काय, पण तो पुकारत सुटला. माझ्या धाकट्यावर मी नवऱ्याच्या मोबाईलवरून अठराशेपर्यंत गेले आणि ते मला मिळालं. खऱ्या बोलीने, खऱ्या मनाने. बाहेर पोदेराचा भोंगा पों पों वाजला आणि कोल्हापूरच्या कुणीतरी लिहिलं, "लिलाव जिंकल्यावर वाजवता का हो हे?"

आणि मग बेळगावच्या एका गृहस्थाने लिहिलं. कारखान्यात फोरमन आहेत, फोंड्याच्या बैठकीला यायचे, दादाला चांगले ओळखतात. त्यांनी एवढंच विचारलं, "काका, आज नऊ जण सगळ्यांत वर बोली लावून जिंकले. नऊच्या नऊ जण तुम्हाला दादा नाहीतर मामा म्हणणारेच कसे?"

दादाने खाली वाकून ते पुन्हा वाचलं. पडद्यावर माझा हात तसाच, नाणं धरलेला. मग भराभर येऊ लागलं. घरचीच माणसं बसवलीत. भाव फुगवताय. काका, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. दादाने मोबाईल बंद केला आणि कदेल, म्हणजे खुर्ची, ओढून बसला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. गावच्या लोकांना आपण काय केलं याचा पत्ताच नव्हता, एक भाचा फोन करून विचारत होता, "मामा, मजा इली, परत कधी?" मी त्याला असं झाडलं की त्याने आठवडाभर तोंड दाखवलं नाही.

दोन दिवस दादा घराबाहेर पडला नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या दुकानात आला. मी पिको करत होते. म्हणाला, "घरच्यांनी घेतलेला सगळा रद्द. पुढच्या आयतवारी परत बोलीक लावतलंय. घरचो एक पण माणूस बोली घालूचो नाय."

"बरं केलंस," मी म्हटलं. मग माझ्या डोक्यात शिरलं. "सगळा म्हणजे? माझा पण?"

"तुझा पण."

मी मशीनवरून उठलेच. "माझी बोली खरी होती! बावीस वर्षां, दादा! मी काय तुझा भोपळा चढवत होतंय?"

"माका कळता गो तुझी खरी. मोबाईलापलीकडच्याक कसा कळतला?"

मी त्याला नको नको ते बोलले. लहानपणी माझा दुडू चोरला होतास तेही काढलं. तो ऐकत राहिला. त्याचं बरोबर होतं हे मला तेव्हाही कळत होतं, म्हणून तर मी जास्त ओरडले. तो गेल्यावर मी एका गिऱ्हाइकाच्या ब्लाऊजची बाही उलटी लावली आणि उसवायला बसले. पैसे होते, नाणं माझ्याच घरातल्या पेटीत होतं, आणि ते दुसऱ्याच्या हाती जाणार होतं. आणि ते चिमटीत धरून जगाला दाखवणारा हात माझाच असणार होता.

पुढच्या रविवारी नेहमीपेक्षा जास्त लोक आले. तमाशा बघायला, दुसरं काय! काकीही आली होती, डबा कसा रिकामा होतो ते बघायला. तिला जनेलापाशी कदेल दिलं आणि चहाबरोबर उंडा पाव दिला. दादाने कधी नव्हे तो इस्त्रीचा शर्ट घातला होता, तो पडद्यावर दिसणार नव्हता तरी. त्याने पावणीची रीत सगळ्यांना समजावून सांगितली, चूक झाली म्हणाला, आणि माफी मागितली. सगळे लॉट एकेक करून पुन्हा निघाले. भाव आधीपेक्षा खाली आले, पण बोली खऱ्या होत्या. मागच्या रविवारी पाचशेला गेलेला पैसा साठ रुपयांना गेला आणि घेणाऱ्याने आनंदाने घेतला. फोरमननी लिहिलं, "काका, आता बरं वाटलं." दादाचा आवाज हळूहळू मोकळा झाला.

मग धाकट्याची पाळी आली. मी ते वेलवेटवर ठेवलं आणि हात मागे घेतला. दादाने घसा साफ केला.

"ह्या नाण्याबद्दल एक सांगायचं आहे," तो म्हणाला. लाईव्हवर तो शुद्ध बोलायला जातो. "हे नाणं दाखवणारा हात माझ्या बहिणीचा. ती बावीस वर्षं ह्याच नाण्याच्या शोधात आहे. मागच्या वेळी तिनेच घेतलं होतं. आज ती बोली लावणार नाही. मागाहून कुणी म्हणायला नको की लपवलं, म्हणून सांगितलं. आता बोला, पाचशेपासून."

सांगायला गेला खरं, आणि सांगून बसला तेच, जे पावणीत सांगितलं की सगळे गप्प होतात!

कुणीच बोललं नाही. आकडा येईना. खाली हात जोडलेल्या खुणा यायला लागल्या. कोल्हापूरहून आलं, "ताईंना राहू दे." फोंड्याच्या एकीने लिहिलं, "आम्ही नाही बोलणार." मग फोरमन, ज्यांनी आमची अब्रू काढली होती तेच, "काका, आपल्यात एवढं चालतं. ताईंना द्या." जत्रा न बघितलेले, कोरगाव कुठे ते माहीत नसलेले लोक, आणि रीत आमच्यापेक्षा चांगली पाळत होते. खोटं कशाला सांगू, मला वाटलं, मिळालं! पाचशेला मी घेते, संपलं! दादाही माझ्याकडे बघत होता. "एक वार" म्हणायला त्याला एक तरी बोली हवी होती.

तेवढ्यात काकीने उंडा बशीत ठेवला. मोबाईलवर काय लिहितात ते तिला दिसत नव्हतं. तिला फक्त शांतता ऐकू येत होती. ती हळूच म्हणाली, "कोणाक नको काय गो ता? ह्यांचा लय आवडीचा होता."

ही बाई दोन वर्षं ते डब्यात सांभाळून होती आणि तिला वाटलं, नवऱ्याने जपलेल्या गोष्टीला जगात गिऱ्हाईक नाही. आणि मी तिथे पाचशेत घेऊन मोकळी होणार होते.

मी नाणं उचललं. आजवर लाईव्हवर मी तोंड उघडलं होतं ते थट्टेपुरतं.

"अरे मेल्यांनो, हात कसले जोडताय!" मी ओरडले. "हे नाणं इथे समोर बसलेल्या काकींचं आहे, माझं नव्हे. त्यांच्या यजमानांनी शोधलंय. फुकट रडवू नका मला, बोली घाला! आणि आधी बघा काय बघताय ते. हे बघा, वर. इथे कडी असते. नाही! भोक असतं. नाही! हे राजाचं नाक बघा, कसं धारदार आहे. कानाच्या मागचे केस मोजा, मोजता येतात. मी तीन पाहिली आहेत आजवर, तिन्हींचे हाल केलेले. असं एकही बघितलेलं नाही. कडेचे दाते बघा, फिरवते. आत्ता बघून घ्या, पुन्हा बघायला मिळेल की नाही मला ठाऊक नाही. कोण म्हणतंय पाचशे?"

पाचशे आले. सहाशे. मी थांबू दिलं नाही. कोल्हापूर, नऊशेत राजाची दाढी पण येत नाही! फोंड्याच्या ताई, तुम्ही मघाशी मोठं मन दाखवलंत, आता हात दाखवा! दादा माझ्या शेजारी तोंड उघडं टाकून बसला होता. अठराशे झाले, माझा आकडा. तो ओलांडून गेला तेव्हा मला हाताला धरून कुणीतरी उठवल्यासारखं झालं, पण आवाज काही खाली आला नाही. दोन हजार. बावीसशे. शेवटी फोरमन आणि फोंड्याच्या ताई दोघंच उरले. फोरमननी पंचवीसशे लिहिले आणि ताई थांबल्या.

मी दादाकडे बघितलं. त्याने मान हलवली, तूच म्हण. मी म्हटलं, एक वार. दोन वार. तिसरं तोंडातून निघायला वेळ लागला. खाली कुणी काही लिहीत नव्हतं. मग मी मापाची लाकडी पट्टी मशीनवर आपटली आणि म्हटलं, तीन वार.

काकी म्हणाली, "कितक्याक गेला?" दादाने सांगितलं. तिने पदर तोंडाला लावला आणि हसली, की रडली, दोन्ही. "बघलंत? ह्यांका पारख होती," ती म्हणाली.

नाणं माझ्या मुठीत होतं आणि मूठ उघडेना. दादा मोबाईलकडे बघून म्हणाला, "जरा थांबा मंडळी." आणि मंडळी थांबली. कुणी घाई केली नाही. मी ते मुठीत गरम होईपर्यंत धरलं, मग प्लास्टिकच्या पाकिटात घातलं, वर जाड पुठ्ठा लावला, चिकटपट्टी फिरवली. बेळगावचा पत्ता मीच लिहिला. अक्षर चांगलं काढलं.